घोगऱ्या आवाजाचा वारसा

समीक्षकाने संगीताच्या कृतीचे मोल करावे, की त्या कृतीवर रसिकांनी उठविलेल्या गदारोळाचे, असा प्रश्न सहसा पडत नाही. कृती समोर असते. गदारोळ चार दिवसांत विरतो. परंतु 'ओपेथ' या स्वीडिश बँडचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' हा अल्बम २२ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या रसिकांत जो हर्ष, जी हमरीतुमरी आणि जे हेवेदावे झाले, ते आम्हांला त्या अल्बमइतकेच वाचनीय वाटले. 'अखेरचे मृत्युपत्र' असे त्याचे नाव. वारसा कोणाचा आणि वारसदार कोण, हाच त्याचा विषय. आणि रसिकही नेमके त्याच प्रश्नावर भांडले, मात्र आपण त्याच प्रश्नावर भांडत आहोत हे त्यांतील बहुतेकांच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

आमच्या वाचक कुटुंबांपैकी अनेकांना हे नाव अपरिचित असेल. ज्या घरांत महाविद्यालयात जाणारी मुले आहेत, तेथे ते कानांवरून गेले असण्याचा संभव आहे. निदान बंद दाराआडून येणारा आवाज तरी. म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो. मेटल म्हणजे विजेच्या गिटारीचा स्वर मुद्दाम फाटका व खरखरीत करून ड्रमच्या दणदणीत आघातांवर उभारलेले संगीत. 'प्रोग्रेसिव्ह' म्हणविणारी त्याची शाखा ही त्यातील पंडितांची शाखा होय. दहा-दहा मिनिटांची गीते, मध्येच बदलणारा ताल, एका रचनेत चार भाव, आणि ऐकणाऱ्याने वही घेऊन बसावे अशी गुंतागुंत. ओपेथचा विशेष असा की, या पांडित्याला त्यांनी एका रानटी आवाजाची जोड दिली. घशाच्या तळातून, स्वराचा धागा तोडून, गुरगुरल्यासारखा काढलेला हा आवाज. रसिक त्याला 'ग्राऊल' म्हणतात. आपण घोगरा म्हणू. त्या घोगऱ्या गर्जनेतून एकाएकी निर्मळ, मृदू गळ्याचे गायन फुटावे आणि पुन्हा गर्जनेत बुडावे, हे त्यांचे वैशिष्ट्य. गायक एकच, मिकाएल ओकरफेल्ट.

या आवाजावरून आईबापांच्या मनात येणारी शंका आम्ही जाणतो. 'डेथ मेटल' हे नावच असे की ऐकताच माणसाने क्रूसाची खूण करावी. पण नावावरून निवाडा करणे हे समीक्षेत बसत नाही. आपल्या कोकणात दशावतारी खेळात संकासुर आरोळी ठोकतो, तेव्हा त्या नटाला कोणी राक्षस समजून गावाबाहेर काढीत नाही. शुभ शुक्रवारी दुःखसहनाचे वाचन होते त्यात 'क्रूसावर खिळा' असे ओरडणारा जमाव आपलेच पारिशबंधू असतात, आणि वाचन संपल्यावर ते आपल्याशेजारीच गुडघे टेकतात. आवाज हे पात्राचे वस्त्र आहे. ते वस्त्र कोणाच्या अंगावर घातले आहे, हे पाहिल्याखेरीज त्याचा न्याय करता येत नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता इतिहास थोडक्यात. १९९० साली स्टॉकहोममध्ये या बँडचा जन्म झाला. पहिला अल्बम 'ऑर्किड' १९९५ चा. २००१ साली आलेल्या 'ब्लॅकवॉटर पार्क'ने त्यांना जगभर नेले. त्याच्या निर्मितीत स्टीव्हन विल्सन या इंग्रज संगीतकाराचा हात होता. (हे विल्सन २०१६ साली पुण्यात येऊन गाऊन गेले.) २००३ च्या 'डॅम्नेशन'मध्ये घोगरा आवाज मुळीच नव्हता, पण तो एक प्रयोग म्हणून रसिकांनी मान्य केला, कारण घराचे मुख्य दार उघडेच होते. २००८ च्या 'वॉटरशेड'पर्यंत ते उघडे राहिले. २०११ साली आलेल्या अल्बमने मात्र ते बंद केले. ओकरफेल्ट यांनी घोगरा आवाज टाकला, मेटलही बव्हंशी टाकले, आणि १९७० च्या दशकातील रॉकसंगीताच्या जुन्या वाड्यात ते राहावयास गेले. या अल्बमचे नाव होते 'हेरिटेज', म्हणजेच वारसा. रसिकांनी नावाकडे नीट पाहिले असते तर निम्मा वाद टळता. ज्यांना वाटले की याने वारसा मोडला, त्यांना तो सांगत होता की माझा वारसा तुम्ही समजता त्याहून जुना आहे.

पुढे 'पेल कम्युनियन' (२०१४), 'सॉर्सरेस' (२०१६) आणि 'इन कौदा वेनेनुम' (२०१९) असे तीन अल्बम त्याच वाटेने आले. त्यांत घोगरा आवाज नाही. मंचावर जुनी गीते त्या आवाजात होत, म्हणून रसिक तग धरून राहिले. अशा रीतीने 'वॉटरशेड'पासून मोजल्यास सोळा वर्षे गेली. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये नव्या अल्बमचे पहिले गीत बाहेर आले, त्यात तो आवाज परतला होता.

आमच्या बारामती-इंदापूर परिसरात या संगीताचे रसिक आहेत, हे ऐकून कोणी हसू नये. ज्या तालुक्यांतून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते, त्या तालुक्यांत विजेच्या गिटारीही आहेत. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांची देखभाल करणारा आमच्या परिचयाचा एक तरुण २०१९ च्या अखेरीस 'एनएच-७ वीकेंडर' या पुण्याच्या संगीतमहोत्सवात ओपेथला ऐकण्यासाठी रजा टाकून गेला होता. त्याचे वर्णन मार्मिक आहे. जुने गीत सुरू झाले की गर्दी एका अंगाने उसळे. नव्या अल्बममधील गीत लागले की माणसे पाण्याच्या बाटल्या शोधू लागत. तो स्वतःही शोधू लागला होता, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. २०२४ चे पहिले गीत आले तेव्हा त्याने ते कारखान्याच्या बसमध्ये, रात्रपाळीहून परतताना ऐकले, आणि घोगरा आवाज येताच तो जागेवरून उठून उभा राहिला. "हरवलेला माणूस घरी आला", हे त्याचे शब्द. जगभरच्या असंख्य रसिकांची प्रतिक्रिया हीच होती. शब्द तेवढे निराळे.

इंदापूरची एक विद्यार्थिनी याच्या नेमकी उलट बोलते. तिने ओपेथ ऐकण्यास आरंभ केला तो २०१४ च्या अल्बमपासून. तिच्या लेखी निर्मळ गळा हाच ओपेथ. घोगरा आवाज परतला तेव्हा तिला कोणी घरी आल्यासारखे वाटले नाही. उलट, आपण जेथे दहा वर्षे राहिलो त्या घराचे जुने मालक सातबारा घेऊन दारात उभे राहिल्यासारखे वाटले. हे तिचेच वाक्य, आणि ते इंदापूर तालुक्यातच सुचू शकते. या दोघांचा वाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्यात दोघेही ओकरफेल्ट यांचे नाव क्वचितच घेतात.

आमच्या गायनवृंदात तबला वाजविणाऱ्या एकाने या संगीताच्या पांडित्यावर जे मत दिले तेही नोंदविण्याजोगे आहे. पाश्चात्त्य रसिक सात मात्रांचे आवर्तन आले की भारावून जातात. त्याला मात्र त्यात विशेष काही दिसेना. रूपकाच्या सात मात्रा तो लहानपणी बोटांवर मोजायला शिकला होता. त्याला खरी कठीण गोष्ट वाटली ती अशी की, ताल बदलताना श्रोत्याला धक्का न बसता वाट कशी वळते. हे मत आम्ही अनेक छापील परीक्षणांपेक्षा मोलाचे मानतो.

पांडित्याचा विषय निघाला आणि बारामतीत बसून लिहीत आहोत, तेव्हा मोरोपंतांची आठवण टाळता येत नाही. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) जन्मले पन्हाळ्यास, पण त्यांचे कवित्व बहरले ते बारामतीत. या कवीने रामकथा शंभराहून अधिक प्रकारे रचिली, असे मानले जाते. एका रामायणात ओष्ठ्य वर्ण वापरावयाचे नाहीत असा नियम, तर दुसऱ्यात आणखी काही. अशा रचनांकडे पाहून पुढील काळाच्या टीकाकारांनी त्यांना शब्दांचा कसरतपटू म्हटले. प्रोग्रेसिव्ह मेटलवरही हाच आक्षेप घेतात: कसरत आहे, काळीज नाही. आक्षेप अगदीच खोटा नाही. निरोष्ठ रामायण वाचताना आपण कवीच्या ओठांकडेच पाहत राहतो, रामाकडे नाही. परंतु त्याच कवीने उतारवयात 'केकावली' लिहिली. पृथ्वी वृत्तासारखे अवघड वृत्त, तरीही तेथे कसरत दिसत नाही; आर्ततेने वृत्ताला आपल्या कामाला लावले आहे. नियमांत मुरलेल्या हाताने दुःख लिहिले तर ते फुसके होत नाही, हे आम्ही 'केकावली'वरून शिकलो. आणि ओपेथच्या सर्वच नव्हे, पण काही रचनांना आम्ही हीच कसोटी लावतो. ज्या टिकतात त्या मोजक्या आहेत.

आता २०१९ च्या अल्बमकडे थोडे वळू, कारण रसिकांच्या स्वभावावर त्याने विलक्षण प्रकाश टाकला. 'इन कौदा वेनेनुम' हे शब्द लॅटिन आहेत. सेमिनरीत लॅटिन शिकलेल्या माणसाला ते जुने मित्र भेटावेत तसे वाटले. अर्थ: शेपटीत विष. (नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला जमीन असलेल्या इंदापूरच्या शेतकऱ्याला ही म्हण समजावून सांगावी लागणार नाही, तो म्हणेल, विषाचे राहू द्या, पाणी तरी येऊ द्या.) हा अल्बम दोन भाषांत निघाला: एकदा स्वीडिशमध्ये, एकदा इंग्रजीत. ओकरफेल्ट यांनी तो मुळात मातृभाषेत रचिला होता. ज्या रसिकांनी आवाज बदलल्याबद्दल आठ वर्षे तक्रार केली होती, त्यांतील पुष्कळांनी, स्वीडिशचा एकही शब्द कळत नसताना, स्वीडिश आवृत्तीच खरी असा निर्वाळा दिला. आमचा कारखान्यातील तरुणही त्यांतलाच. शब्द कळत नाहीत मग खरेपणा कशावरून ठरविलास, असे विचारता तो म्हणाला, गळा मोकळा वाटतो.

हे उत्तर आम्हांला पटले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तेव्हा आनंद मानणारे होते तसेच लॅटिन गीतांसाठी हळहळणारेही होते. त्या हळहळणाऱ्यांना लॅटिन कळत होते असे नाही. त्यांना कळत होता तो गळा, तो घुमट, शेजारी उभे असलेले वडील. शब्दांपलीकडचे काही तरी माणूस गाण्यातून घेतो, आणि ते हिरावले गेले की त्याला स्वतःलाच लुबाडल्यासारखे वाटते. म्हणून रसिकाच्या तक्रारीला आम्ही हट्ट म्हणून झिडकारीत नाही. मात्र त्या तक्रारीतून जो दावा उभा राहतो, तो तपासलाच पाहिजे.

दावा असा की, कलावंताने मला जे दिले ते माझे झाले. ते बदलणे म्हणजे विश्वासघात. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या सभागृहात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभे असताना प्रेक्षकांतून कोणी तरी 'ज्यूडास' अशी हाक दिली, ही गोष्ट संगीताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लोकगीतांचा गायक रॉककडे वळला, एवढाच त्याचा अपराध. त्या श्रोत्याला शिव्यांच्या कोशात दुसरा शब्द सापडला नाही असे नव्हे. त्याला हाच शब्द हवा होता. लॅटिनमध्ये 'त्रादेरे' असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ हाती देणे, हवाली करणे. युरोपीय भाषांत परंपरेला जो शब्द आहे तो याच धातूपासून आला, आणि विश्वासघातक्याला जो शब्द आहे तोही याच धातूपासून. बापाने मुलाच्या हाती दिले तर परंपरा. यहूदाने शिपायांच्या हाती दिले तर घात. क्रिया एकच: हातातून हातात. कोणाच्या हाती, यावर सारे अवलंबून. २०११ साली रसिकांनी ओकरफेल्ट यांच्या हातांकडे पाहिले आणि त्यांना यहूदा दिसला. २०२४ साली तेच हात पाहून त्यांना बाप दिसला. हात तेच होते.

आपल्याकडेही असे घडले आहे. कुमार गंधर्व दीर्घ आजारातून उठून देवासहून नव्या गायकीने परतले तेव्हा घराण्यांच्या शिस्तीत वाढलेल्या कानांना ते गाणे बेशिस्त वाटले. फरक एवढाच की, आपल्या मैफलीतील नाराज श्रोता मान हलवायची थांबवतो, मँचेस्टरचा ओरडतो.

असो. आता प्रस्तुत अल्बमकडे येऊ. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. एक धनाढ्य, करारी, जुन्या वळणाचा कुटुंबप्रमुख मरण पावला आहे. त्याच्या वाड्यात मृत्युपत्राचे वाचन चालू आहे. समोर त्याची जुळी मुले आहेत, आणि पोलिओने अपंग झालेली एक अनाथ मुलगी, जिला या घराने वाढविले. ती येथे का, असा जुळ्यांना संशय. अल्बममध्ये आठ गीते आहेत; पैकी सातांना नावच नाही, कायद्याच्या कागदावर असते तसे परिच्छेदाचे चिन्ह आणि आकडा. एकेका परिच्छेदातून एकेक गुपित फुटते: जुळी मुले त्याच्या रक्ताची नाहीत, आणि मालमत्ता जाते ती त्या मुलीकडे.

ज्यांनी इंदापुरात दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरचा बाक पाहिला आहे, त्यांना ही कथा दूरची वाटणार नाही. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले, आणि जिरायत असताना ज्या जमिनीला भावकीत कोणी विचारीत नव्हते तिचा एकेक गुंठा भांडणाचे कारण झाला. बहिणींना बोलावून घेतात, जेवू घालतात, साडी देतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. हिंदू कुटुंबांत २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क दिला. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा तर मुलगा-मुलगी असा भेद करीतच नाही. तरी सही आपल्याही घरांत होते, आणि जेवणानंतरच होते. अंत्यविधीचे फूल सुकण्यापूर्वी भावंडांची तोंडे फिरलेली आम्ही पाहिली आहेत. मृत्युपत्र वाचले जात असताना खोलीत जी शांतता असते, तिचे संगीत करणे सोपे नाही. या अल्बममधील सर्वांत यशस्वी क्षण अशा शांततेचे आहेत, गर्जनेचे नव्हेत.

आणि येथेच रसिकांच्या आनंदातील विसंगती उघडी पडते. घोगरा आवाज परतला, पण तो कोणाच्या मुखी परतला? त्या मृत बापाच्या. जो आयुष्यभर खोटे वागला, ज्याने मेल्यानंतर कागदावरून घरावर सत्ता चालविली, त्याच्या तोंडी ओकरफेल्ट यांनी तो दिला आहे. दुःखसहनाच्या गायनाची जुनी परंपरा अशी की, तीन गायकांत सर्वांत खोल आवाज प्रभूच्या शब्दांना द्यावा. येथे सर्वांत खोल आवाज लबाडाला मिळाला. सोळा वर्षे ज्या वारशाची मागणी चालली होती, तो वारसा रसिकांना मिळाला तो असा: एका मेलेल्या माणसाची सत्ता म्हणून. ज्यांनी उठून टाळ्या वाजविल्या त्यांनी आवाज ऐकला, कोण बोलतो ते ऐकले नाही. ओकरफेल्ट यांनी हे हेतुपुरस्सर केले की कथेच्या ओघात घडले, याची चौकशी आम्ही करीत नाही. कृतीत ते आहे, एवढे पुरे.

काही चोखंदळ रसिकांना हे जाणवले, आणि त्यांनी उलट तक्रार केली की हा आवाज आता केवळ वेषभूषा झाला, पूर्वी तो स्वभाव होता. आमचे मत वेगळे आहे. स्वभावाची सवय होते, आणि सवयीने काढलेली गर्जना ही गर्जना राहत नाही. २००८ पर्यंतच्या गीतांत अनेकदा घोगरा आवाज येतो तो केवळ त्याची पाळी आली म्हणून. येथे तो आला की कोणी तरी बोलत असते. त्यामुळे या अल्बममधील त्याचे स्थान आम्हांला पूर्वीपेक्षा न्याय्य वाटते.

दोष मात्र आहेत, आणि तेही ढोबळ. सुमारे पन्नास मिनिटांत एवढी कथा, एवढी वळणे, त्यात तंतुवाद्यांचा वृंद, 'जेथ्रो टल'चे वयोवृद्ध इयान अँडरसन यांचे निवेदन आणि चौथ्या परिच्छेदात त्यांची बासरी, एका गीतात 'युरोप' बँडच्या जोई टेम्पेस्ट यांचा आवाज: पंगतीला पाने कमी आणि पदार्थ जास्त. शब्दांची पुस्तिका हाती नसेल तर कथा कानाने कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात आम्ही वाक्यांचा धागा सोडून दिला आणि नुसत्या वाद्यांकडे लक्ष दिले. तेव्हा बरे वाटले. नाट्यासाठी लिहिलेल्या कृतीविषयी हे प्रशंसोद्गार नव्हेत. नवे ड्रमवादक वाल्टेरी वायरुनेन यांचे काम मात्र उत्तम आहे. आमच्या तबलजीची कसोटी, म्हणजे धक्का न देता वाट वळविणे, ते उतरतात. पहिल्या गीतात गायकाच्या स्वतःच्या कन्येचा आवाज क्षणभर ऐकू येतो. वारशावरच्या अल्बमात बापाने लेकीचा आवाज ठेवावा, ही गोष्ट आम्हांला निवेदनाच्या साऱ्या परिच्छेदांपेक्षा बोलकी वाटली.

पळसदेवचे जुने देऊळ उजनीच्या जलाशयात बुडालेले आहे. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की ते वर येते आणि पुण्याहून माणसे मोटारी घेऊन पाहावयास येतात. आनंदाने छायाचित्रे काढतात. ज्यांचे गाव पाण्याखाली गेले ते वृद्धही येतात. ते देवळाकडे कमी आणि आसपासच्या चिखलाकडे जास्त पाहतात, कारण त्यांची घरे तेथे होती. पाणी ओसरणे ही या मुलखात आनंदाची बातमी नसते, हे मोटारवाल्यांच्या लक्षात येत नाही. घोगऱ्या आवाजाच्या पुनरागमनाने हर्षभरित झालेल्या रसिकांचे लेखन वाचताना आम्हांला त्या काठावरच्या दोन प्रकारच्या माणसांची वारंवार आठवण झाली.

आठव्या आणि अखेरच्या गीताला मात्र नाव आहे: 'कधीही न सांगितलेली गोष्ट' असा त्याचा अर्थ होतो. यात घोगरा आवाज नाही. बाप बोलायचा थांबला आहे. सारी मालमत्ता मिळालेल्या त्या अपंग मुलीला एक पत्र येते, तिच्या आईचे. त्यातून तिला कळते की तो म्हातारा तिचाही बाप नव्हता. रक्ताचा म्हणून ज्या वारसाला सर्वस्व दिले तोही रक्ताचा नाही, आणि जुळ्यांना बेदखल करण्याचे कारण तेवढ्याने नाहीसे होते. गीत संथ आहे, गळा मोकळा आहे, आणि शेवटी गिटार एकटीच बराच वेळ बोलत राहते. आमच्या मते हा अल्बमचा कळस. येथे कसरत संपून 'केकावली' सुरू होते.

आमचा कारखान्यातील तरुण सातव्या परिच्छेदानंतर थांबतो. आठवे गीत त्याला मिळमिळीत वाटते. इंदापूरची विद्यार्थिनी बहुधा आठव्यापासूनच आरंभ करते. तिच्या दोन आत्यांनी गेल्या पावसाळ्यात सह्या केल्या, आणि तेव्हापासून त्या दिवाळीला आल्या नाहीत. हे गीत तिने वडिलांना एकदा ऐकविले. शब्द त्यांना कळले नाहीत, म्हणून तिने गोष्ट सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली आणि विचारले, पत्र आईने आधी का नाही दिले?